ताईसाठी एक खोटा पडदा

तो चहा पार गार करून प्यायचा. फोन उचलून ‘बोला’ म्हणायचा आणि मग नुसता ऐकत राहायचा. चष्मा पुसायला समोरच्याच्या शर्टाचं टोक धरायचा, बहुधा माझ्या. वयाने माझ्या दुप्पट, तरी अरेतुरेतला मित्र.

कॉलेजच्या कार्यालयातले संगणक तो सांभाळायचा. सगळे त्याला ‘तीनबटण्या’ म्हणत. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबल्याशिवाय तो कुणाला पासवर्ड टाकू द्यायचा नाही.

“कशाला हा जाच?” मी एकदा विचारलं.

“अरे, पासवर्ड मागणारा समोरचा पडदा खोटा असू शकतो. पासवर्ड चोरायला कुणीतरी हुबेहूब बनवलेला. ही तीन बटणं थेट मूळ यंत्रणेकडे जातात, मधल्या प्रोग्रॅमला अडवता येत नाहीत. मग येतो तो खराच पडदा.”

परीक्षा विभागात त्याची थोरली बहीण होती. आजारपणात तिची बोटं आखडली.

“माझं एकच बोट ऐकतं, शहाण्या,” ती म्हणाली. “बाकीची दोन बटणं काय नाकाने दाबू?”

दोघं पोट धरून हसले. बटणं एकामागून एक दाबायची सोय संगणकातच असते. पण ती लावून ताईला शिकवायला अर्धा तास बसावं लागलं असतं, आणि त्याला घाई होती. त्याने तिच्यापुरती अटच काढून टाकली.

पुढे कुणीतरी तिच्या संगणकावर तसा खोटा पडदा लावून ठेवला. तिने भोळेपणाने पासवर्ड टाकला. तिच्या नावावर काही मुलांचे गुण बदलले गेले. ताईला घरी बसवलं.

त्याने चौकशी समितीला सगळं सांगितलं. कुणाला पटेना.

“खोटा पडदा म्हणे! भावाने बहिणीसाठी रचलेली गोष्ट वाटते त्यांना,” ताई म्हणाली. “लोक माझ्याकडे चोर म्हणून बघतात रे.”

“ताई, मी त्यांच्यासमोर करून दाखवतो.”

समितीने शुक्रवार दिला. तो घरी बसून स्वतःच तसा पडदा बनवू लागला. मी गेलो की मान वर न करता म्हणायचा, “अर्ध्या तासाचं काम होतं रे तेव्हा. अर्ध्या तासाचं.”

त्याआधी सोमवारी तो झोपेतच गेला.

काल वहिनींनी मला त्याचा संगणक दाखवला. कॉलेजचं चिन्ह, निळा रंग, ताईचं नाव, सगळं हुबेहूब. पासवर्डच्या चौकटीत मी एक अक्षर टाकून पाहिलं. उमटलं नाही. तेवढं करायचं राहिलं होतं.