सीलने मान टेकवली तेव्हा

माझी लेक परदेशातल्या एका थंड किनाऱ्यावर खडकांवरच्या शिंपल्यांचा अभ्यास करते. एकदा ओहोटीच्या वेळी मीही तिच्यासोबत गेले. वळणापाशी तिने हात धरून मला खाली बसवलं. पुढच्या खडकांवर सील माद्या पिल्लांना बिलगून पहुडल्या होत्या. तिला हवे असलेले शिंपले त्यांच्या पलीकडच्या खडकांवर होते.

"त्यांनी मान वर केली की आपण थांबायचं, असा नियम आहे," ती कुजबुजली. "मादी घाबरून पाण्यात शिरली तर पिल्लू मागे राहतं. कधीकधी कायमचं."

तेवढ्यात एकीने मान उचलली आणि ती आमच्याकडे बघतच राहिली. आम्ही हललो नाही, तरी तिची मान काही खाली जाईना. भरतीचं पाणी चढू लागलं, तशी लेकीने पिशवी बंद केली.

"एवढ्या लांब आलो आपण. इथे बघायला कोण आहे?" मी म्हटलं.

"ती बघतेय ना, आई."

आम्ही वाकूनच मागे सरकलो. आपल्या नुसत्या असण्याचाही कुणाला धाक वाटत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर मी वळून पाहिलं. सीलने मान टेकवली होती आणि पिल्लू दूध पीत होतं. लेकीचं त्या दिवसाचं काम बुडालं होतं. ती मात्र श्वास रोखून त्या पिल्लाकडेच बघत उभी होती.