रापणीच्या दोरावरचा डावा हात

मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला स्तनाचा कर्करोग असल्याचं सांगितलं, त्या दिवशी आम्ही इस्पितळात नाव घातलं आणि मग जेवलो. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली, विजेचे शेक झाले, आणि पुढच्या गोळ्या घेऊन आम्ही तारकर्लीला परतलो.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला आणि डावा हात हलवत राहा, नाहीतर खांदा आखडेल. तो आखडलाच होता. हात खांद्याच्या वर जाईना. तिला दुखण्याहून केसांची काळजी. अंबाडा मला घालावा लागे, आणि चहा होईपर्यंत तो मानेवर उतरे.

"तुमी आपले शाळेत पोरांका शिकवा," ती म्हणे. "ह्या तुमचा काम न्हय."

घरात ती जरा हलली की समाचाराला आलेली एखादी शेजारीण तिला पुन्हा निजवी. "पडान रव गो!" म्हणून आम्ही सकाळी किनाऱ्यावर जाऊ लागलो.

तिथे रापण ओढत असत. समुद्रात पसरलेलं लांबलचक जाळं, त्याचे दोन दोर, दोन्हीकडे माणसं. एकदा तिने जाता जाता शेवटच्या माणसामागे दोर धरला. पुढच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

"वैनी, दोर वडतास काय दोराक धरून चलतास?"

"दोनातला एक करतंय मा!"

जाळं आलं. वाटे पडले तेव्हा म्हाताऱ्याने तिच्यापुढेही बांगडे ठेवले. मला संकोच वाटला. "अहो, हिने ओढलं कुठे?"

"मास्तर, हात लागलो मा? मगे वाटो. तुमचो हात खंय होतो? खिशात!"

सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त.

त्यानंतर ती रोज 'कामाक' जाऊ लागली. दुसऱ्या दोराच्या माणसांना जवळ सरका म्हणून खूण करण्याचं काम म्हाताऱ्याने तिला दिलं. हात उंच केल्याशिवाय तिकडे दिसत नसे. ती हट्टाने डावाच करी. पलीकडून ओरडत, "वैनी, हात दाखवतास काय बोट?" ती चिडे, आणखी वर नेई.

पावसाळा तोंडावर आला, रापण बंद व्हायची वेळ झाली. एका सकाळी मी फणी घेऊन गेलो, तर अंबाडा घातलेला.

"कसो दिसता?"

"वाकडो."

"तरी तुमच्यापेक्षा बरो."

पुढे काही वर्षांनी दुखणं उलटलं आणि ती गेली. मी अजून सकाळी किनाऱ्यावर चालतो. एकटा.