तुकडा केवढा ठेवायचा

सुमंगला रागावली की बोलायची नाही, बोटं टेबलावर आपटत राहायची. त्या उन्हाळ्यात टेबलाला खड्डे पडायचेच तेवढे बाकी होते.

परभणीतल्या एका बियाणे संघात ती कॉम्प्युटरवर बसायची. नवरा गेल्यावर मिळालेली नोकरी, अजून कायम झाली नव्हती. काम एकच: चारनंतर तालुक्यांची बियाण्याची मागणी टेलिफोनच्या तारेवरून पुण्याच्या मशीनला पाठवायची. पाचला पुणं परभणीसाठी बंद. मेमध्ये मागणी पोचेना, तेव्हा पुण्यानं कळवलं, जमत नसेल तर मशीन जालन्याला हलवू. मशीन गेलं की आपणही गेलो, हे कळायला तिला ज्योतिषी नको होता.

मागणी तारेवरून सलग जात नाही. मशीन तिचे तुकडे पाडतं. एक तुकडा नीट पोचल्याचं पुण्याहून कळलं की पुढचा सोडतं. तुकडा केवढा, ते आपण ठरवायचं. हजार चोवीस अक्षरांचा ठेवला तर काम झपाट्यानं होतं, पण मधे खरखर झाली की अख्खा तुकडा पुन्हा. एकशे अठ्ठावीसचा ठेवला तर थोडंच वाया जातं, पण थांबत थांबत पाच वाजून जातात.

आणि ही खरखर काही आभाळातून येत नव्हती. ऑफिसच्या वर व्यवस्थापक भगवानरावांचं घर. त्यांनी संघाला न विचारता ऑफिसच्या लाइनीवरून घरात दुसरा फोन ओढला होता. परभणीत फोन आठ-आठ दिवस मुके व्हायचे, म्हणून त्यांची आई बायनाबाई येता-जाता रिसीवर उचलून कानाला लावायची. चहानंतर तर हमखास. ती उचलायची, की खाली लाइनीत खरखर व्हायची आणि जाणारा तुकडा बिघडायचा. आत किर्र ऐकू आलं की फोन बिघडला समजून पुन्हा उचलायची.

सुमंगलानं साहेबांना सांगून पाहिलं.

"तुकडा लहान करा की बाई," भगवानराव म्हणाले. "म्हातारीला काय सांगू?"

लहान केला. पाचच्या आत निम्मीच मागणी गेली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या इंजिनिअरनं फोनवर विचारलं, "बाई, तुम्हाला सेटिंग समजत नाही, असं भगवानराव म्हणतात. खरं का? आज मागणी पूर्ण आली नाही, तर मशीन उचलतो."

तिचे कान तापले. भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीला तिनं हात जोडले. चार वाजता तिनं तुकडा हजार चोवीसचा ठेवला. नंबर लागला, मशीननं शीळ घातली, तुकडे जायला लागले. तेवढ्यात वर खट्ट झालं. लाइन तुटली.

सुमंगला उठली. जिन्याखाली दोन तारांचा जोड होता. वर जाणारी तार तिनं हिसडून काढली, परत येऊन नंबर लावला, आणि पाचच्या आत सगळी मागणी पुण्याला पोचली.

बायनाबाई पदर सावरत खाली आली. "सुमे, माझा फोन मेला की गं."

"मेला न्हाई मावशी. मी मारला."

"का गं? तुझ्या बापाचा हाय का?"

"संघाचा हाय. तुमच्या बी बापाचा न्हाई."

आवाज ऐकून भगवानराव केबिनमधून आले. "कुणाला विचारून तार काढली?"

"तुमी कुणाला विचारून जोडली होती?"

"पुण्याला कळवतो मी. नोकरी करायची न्हाई का तुमाला?"

तिनं फोन त्यांच्यापुढं सरकवला. "कळवा. लाइन साफ हाय आता. कोणती तार काढली, तेबी सांगा. घरची म्हणून सांगा."

 भगवानरावांनी रिसीवरला काही हात लावला नाही. आईला म्हणाले, "चल वर."

"आन् फोन जित्ता हाय का मेला, ते मला कसं कळावं आता?" म्हातारी जिन्यावरून विचारीत राहिली.

मशीन राहिलं, सुमंगलाही राहिली. बाईला सेटिंग समजत नाही, हे बोलणं मात्र भगवानरावांनी पुण्याकडं कधी मागं घेतलं नाही. त्यानंतर तिनं त्यांना साहेब म्हणायचं सोडलं.