रंग सोडणारा कागद

सांगलीहून निघालेली एसटी परळच्या आगारात शिरली तेव्हा जानेवारीतलं धुकं अजून उठलं नव्हतं. मुंबईत धुकं कमी आणि धूळच जास्त, असं मला नंतर सांगण्यात आलं. पण खिडकीशी पेंगत बसलेल्या मला ते धुकंच वाटलं, आणि माझ्या आठवणीत मी ते तसंच ठेवलं आहे. उंच इमारतींचे खालचे काही मजले दिसत होते, वर काहीच नव्हतं. एका बंद गिरणीची चिमणी मधेच पूर्ण दिसली आणि पुन्हा पुसली गेली. एवढं मोठं शहर, पण त्या वेळी कुणीतरी बोटाने हलकेच विरघळवून ठेवल्यासारखं दिसत होतं.

मी कागदाची कामं करते. कातरकाम, चिकटचित्रं, आणि कागदावर कापड, दोरा, माती असं काहीबाही बसवून केलेली मोठी चित्रं. गेल्या पावसाळ्यात माझ्या मानेचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. कात्री धरता येते, पण ती कागदात कुठे चालली आहे ते हाताला कळत नाही. दिवाळीत एक कंदील करायला घेतला आणि निम्म्यावर माळ्यावर टाकला. परळच्या एका हॉस्पिटलात तपासणीची वेळ मिळाली, म्हणून निघाले. शेजारीपाजारी विचारणाऱ्यांना मात्र सांगितलं, नव्या कामासाठी काही सुचतंय का ते बघायला मुंबईला चालले आहे. मुलगा सोबत येणार होता, मीच नको म्हटलं.

उतरायचं होतं नायगावला, वंदनाकडे. वंदना पूर्वी सांगलीत नर्स होती आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. तेव्हापासूनची आमची मैत्री. नंतर ती मुंबईला आईवडिलांच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत परतली आणि आईवडील गेल्यावरही तिथेच राहिली. आता चाळ पाडून तिथे टॉवर उभे राहत होते. शेजारच्या काही चाळी गेल्या होत्या, हिची महिन्याभरात जाणार होती.

टॅक्सीतून उतरले तर वंदना खाली उभीच होती. तिने माझी पिशवी घेतली आणि पहिला माझा उजवा हात हातात धरला. अंगठा दाबून पाहिला.

"कळतंय?"

"थोडंसं."

"खोटं नको बोलूस. नर्सची नोकरी केलीय मी."

चाळीत मधोमध लांब पॅसेज आहे आणि दोन्ही बाजूंना खोल्या. दोन्ही टोकांना जाळी, तिथून तेवढा उजेड. मधल्या भागात दिवसाही संध्याकाळ असते. वंदनाच्या खोलीत बांधाबांध सुरू होती. खोके एकावर एक, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि मूर्तीपुढे स्टीलच्या वाटीत पांढरी फुलं. चहाबरोबर तिने बटर दिले. बटर चहात बुडवता बुडवता माझी नजर स्विचबोर्डाच्या खालच्या भिंतीकडे गेली. तिथला पोपडा निघाला होता आणि आतले रंग एकाखाली एक दिसत होते. वर पिस्ता, त्याखाली गुलाबी, त्याखाली पुसट निळा.

"पिस्ता मी लावला," वंदना म्हणाली. "गुलाबी भावाच्या लग्नाचा. आणि निळा बाबांचा. जयंतीच्या आधी दरवर्षी चुन्यात नीळ घालून स्वतः मारायचे. गिरणीतून आले की शिडीवर."

मी नुसतं बघत राहिले. पुष्कळ दिवसांनी एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ बघितलं असेल.

"मला या खोलीचं चित्र करून दे," ती म्हणाली. "नव्या घरात लावायला. फोटो नको. फोटो आहेत. तुझं पाहिजे."

मी बटराचा चुरा बशीत गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला हळू. टाचणीने, कापसाने, थंड चमच्याने त्यांनी माझी बोटं तपासली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "ताकद येईल. व्यायाम सोडू नका. स्पर्श मात्र पूर्ण परत येईल असं मी सांगणार नाही. एवढे महिने झाल्यावर जेवढा आला, त्यापेक्षा थोडाफार येईल."

"कात्रीचं बारीक काम?"

"दुसऱ्या हाताची सवय करून बघा," त्या म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले.

वंदनाला फोन न करता मी लालबागच्या दिशेने चालत सुटले. पुलाच्या सावलीतून एक रस्ता लांबच लांब जात होता. एका बाजूला काचेचे ऑफिसवाले टॉवर, दुसऱ्या बाजूला चाळींच्या खिडक्यांतून वाळणाऱ्या चादरी. काचेत त्या चादरी उलट्या हलताना दिसत होत्या. पुढे मसाल्याच्या गल्लीत शिरले. पोत्यांतून मिरच्या, तांबड्यापासून पार काळपटापर्यंत. हळकुंडं, धणे, दगडफुलाचे राखाडी पापुद्रे. मसाला कुटून देणाऱ्या कांडपाच्या यंत्रांचा धडधड आवाज, आणि हवेतच तांबूस पूड तरंगत असलेली. एरवी मी तिथे वेडी झाले असते. प्रत्येक रंग कशाशेजारी ठेवायचा ते मनात मांडलं असतं. त्या दिवशी नुसती ठसका लागून एका स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

शेजारी एक बाई आपला मसाला कुटून व्हायची वाट बघत होत्या. मांडीवर रिकामा डबा.

"हातान पुसू नका," त्या मालवणी वळणाने म्हणाल्या. "आणखी झोंबतला. पदरान पुसा."

मी पदराने पुसलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. डोळ्यांचं पाणी थांबेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "नवीन माणसाक होता असा. बसा घडीभर." त्यांचा डबा भरला तरी त्या उठल्या नाहीत. माझं पाणी थांबल्यावर मगच निघाल्या.

घरी गेल्यावर वंदनाने काही विचारलं नाही. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मीच सांगितलं. तिने ऐकलं आणि भाकरी अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली.

"उद्या कुठे जायचंय?"

"गिरगावला. कागदाच्या दुकानात. नुसतं बघायला."

"जा. कालवण उरलंय, रात्रीला होईल."

गिरगावातलं ते दुकान मला एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं होतं. अरुंद, पण आत खोलच खोल. संक्रांत जवळ आलेली, त्यामुळे पतंगी कागदांच्या चळती दारापर्यंत आल्या होत्या. राणी, मोरपंखी, लिंबू, जांभळा. आत हातकागद, मार्बल कागद, लग्नपत्रिकांचे सोनेरी वर्ख लावलेले ताव. पंखा फिरला की सगळ्या चळतींचे कोपरे एकदम उचलले जायचे आणि खाली बसायचे, जणू दुकान श्वास घेत होतं. मी एक हातकागद उचलला आणि सवयीने अंगठ्याखाली चाचपला. काही कळलं नाही. मग तो गालाला लावला.

गल्ल्यावरच्या बाई हसल्या. माझ्याच वयाच्या होत्या. "असं कुणी बघत नाही हो कागद."

"माझ्या बोटांना कळत नाही आता," मी म्हटलं. घराबाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगत होते. फार काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.

"मग गालाला काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"मऊ आहे. कडेला जरा जाड."

"घ्या मग. आणि आतले पण लावून बघा गालाला. कुणी बघत नाही इकडे."

मी बघत राहिले. शेवटी नुसतं बघायला आलेली मी पांढऱ्या हातकागदांची गुंडाळी आणि पतंगी कागदांचे बरेच ताव घेऊन बाहेर पडले. साबुदाणा वडा खाल्ला, श्रीखंडासारखं घट्टसर, गोड पियूष प्यायले आणि चौपाटीवर जाऊन बसले. दुपारचं ऊन पाण्यावर असं सांडलं होतं की समुद्र आणि आकाश यांच्या मधली रेघच दिसेना. बराच वेळ माझ्या मनात काहीही आलं नाही. तेही बरं वाटलं.

परतताना दादरला बसमधून उतरले, वंदनाच्या वाटीसाठी फुलं घ्यायला. फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंतीचे ढीग, झेंडूच्या करंड्या, पायाखाली पाकळ्यांचा चिखल. मी पिशवी खाली टेकवून पांढरी शेवंती निवडू लागले. इतक्यात फुलवालीने ढिगांवर बादलीतलं पाणी मारलं. ते फुलांवर पडलं आणि वाहत येऊन माझ्या पिशवीत शिरलं.

"ताई, पिशवी उचला म्हणून दोन वेळा बोलले मी," ती म्हणाली. "तुमचं लक्षच नाय."

खरंच नव्हतं. कागदांची गुंडाळी भिजून जड झाली होती आणि पिशवीच्या तळातून राणी रंगाचं पाणी ठिबकत होतं. फुलवालीने ते पाहिलं, चुकचुकली आणि शेवंतीची आणखी एक मूठ माझ्या पुडीत कोंबली.

वंदनाने दार उघडलं. माझी साडी गुडघ्याखाली गुलाबी झाली होती.

"टाकून दे," मी म्हटलं. "सगळं गेलं."

तिने ऐकलं नाही. पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या आणि शेजाऱ्यांच्या दोऱ्या होत्या. तिने गुंडाळी जमिनीवर ठेवून एकेक ताव अलगद सुटा केला आणि कपडे वाळत घालावेत तसा दोरीवर टाकला. पतंगी कागदाने आपला रंग पांढऱ्या हातकागदात सोडून दिला होता. कुठे मोरपंखी पसरत जाऊन जांभळ्याला भेटला होता, कुठे लिंबू रंगात राणीचे नुसते शिंतोडे. मागच्या जाळीतून येणारा संध्याकाळचा उजेड त्या कागदांतून गाळून खाली येत होता आणि अंधाऱ्या पॅसेजच्या फरशीवर रंग हलत होते. समोरच्या खोलीतले म्हातारे काका वाकून खालून गेले. त्यांच्या पांढऱ्या केसांवरून जांभळा, मग पिवळा सरकला.

"होळी आत्तापासूनच आणलीस गं वंदने?" त्यांनी विचारलं आणि उत्तराला न थांबता पुढे गेले.

मी एक ताव सरळ करायला गेले. त्याला चिकटलेला पतंगी कागद सोडवताना हातकागदच फाटला. ओला होता, त्यामुळे आवाज न करता फाटला, आणि फाटलेल्या कडेला कापसासारखे तंतू राहिले. मी थांबले. दुसऱ्या बाजूने मुद्दाम ओढला. तो माझ्या मनातल्या रेषेने गेला नाही, थोडा वळून आपल्या वाटेने गेला. बोटांना काही कळायची गरजच नव्हती. डोळ्यांसमोर कड उमटत होती आणि मी दोन्ही हातांनी तिच्या मागे जात होते.

"काय झालं?" वंदनाने विचारलं.

"खळ करशील?"

तिने मैदा पाण्यात शिजवून पातळ, चिकट खळ केली, अगदी पातेलंभर. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्याचा एक मोठा पुठ्ठा जमिनीवर अंथरून आम्ही बसलो. मी कागद पुन्हा ओले करून फाडत होते. वंदना उलथन्याने भिंतीचे पोपडे काढत होती, निळा भाग न मोडता. निळा पोपडा निघाला की ती तो तळहातावर घेऊन क्षणभर बघायची आणि मग माझ्याकडे द्यायची. फळीवर अंथरलेलं जुनं, तेलकट वर्तमानपत्रही त्यात गेलं. खिडकीच्या जागी लिंबू रंगाचा फिकट तुकडा आला. पॅसेजचा अंधार जांभळ्या-निळ्या तावातून आपोआप मिळाला. माझी कामं नेहमी नेटकी असायची, प्रत्येक कड धारदार. हे तसं नव्हतं. सगळ्या कडा एकमेकींत शिरत होत्या. दोन ठिकाणी चुकलंच. एक पोपडा भुगा झाला आणि एक कोपरा खळीने फुगून आला. दुपारी मी पाठ टेकली, वंदनाने चहा केला, पुन्हा बसलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चित्र पुरं झालं असं मला वाटलं. वंदना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई नाही त्यात," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं ती कुठे बसायची."

"उंबऱ्यात. अर्धी आत, अर्धी पॅसेजमध्ये. तांदूळ निवडत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. तिला ओलांडूनच घरात यावं लागायचं."

मी उरलेले तुकडे तिच्यापुढे सरकवले. ती म्हणाली, "मला कुठे येतंय." मी खळीचं पातेलंही सरकवलं. शेवटी ती खाली बसली. तुकडे उलटेपालटे करून तिने राणी रंगाची कड असलेला एक पांढरा निवडला, दोन्ही हातांनी फाडला, पुन्हा फाडला. लहानसा, बसक्या आकाराचा तुकडा राहिला. खळ लावून तिने तो दाराच्या जागी ठेवला, अर्धा आत आणि अर्धा बाहेर, आणि त्यावर तळवा दाबून तशीच बसून राहिली. तिने तळवा उचलला तेव्हा तिच्या हाताला राणी रंग लागला होता. तो तिने धुतला नाही. तसाच हात घेऊन त्या संध्याकाळी ती मला सोडायला परळच्या आगारात आली. गाडी हलेपर्यंत आम्ही बोलत राहिलो, नव्या घरी चित्र कुठल्या भिंतीला लावायचं याबद्दल. तिचं म्हणणं दारासमोर. मीही तेच म्हटलं.

घाट चढताना मला झोप लागली नाही. मुंबईला मी काहीतरी परत मिळवायला गेले होते. ते मिळालं नाही, आणि मिळणारही नाही हे आता स्वच्छ कळलं होतं. कात्रीची ती बारीक नक्षी संपली. त्याचं वाईट मला अजून वाटतं आणि वाटत राहील. पण त्या वाईट वाटण्याच्या शेजारी आता आणखी एक गोष्ट येऊन बसली आहे.

सांगलीत पोचल्यावर दोन दिवस विश्रांती घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कोरा ताव पाण्यातून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. कड कुठे जाईल हे पूर्वी मला आधीच माहीत असायचं. आता माहीत नसतं. दोन्ही हातांत कागद धरला आणि तो कुठे जातो ते बघत मी हळूहळू फाडायला लागले.