तसबिरीवरचं कुंकू

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. शाळेत नोकरीला लागले तेव्हाही तेच. फळ्यावर एक गणित लिहून होत नाही तोच दुसरं सुचायचं, एक मूल उत्तर देत असताना माझं बोट पुढच्या मुलाकडे गेलेलं असायचं. चपळ बाई म्हणून कौतुकही व्हायचं माझं. त्या चपळपणात एकदा जे करून बसले ते सांगायचं आहे, आणि तेही घाईतच सांगणार. हळू सांगायला घेतलं की मी अर्ध्यातून उठते आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी घासत बसते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. उत्तर नागपुरातली महापालिकेची शाळा, मी चौथीची बाई, लग्नाला नुकतं वर्ष झालेलं. वर्गातली निम्मी मुलं बौद्ध घरांतली. त्यांच्या आईवडिलांनी याच शहरात दीक्षा घेतलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असायचं. पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, फुटाणे-खोबऱ्याचा प्रसाद घेऊन घरी जायचं. त्या दिवशी माझा निम्मा वर्ग रिकामा. दसरा हाच त्यांच्या दीक्षेचा दिवस, घरोघरी गावाकडचे पाहुणे उतरलेले; आणि मुख्य म्हणजे सरस्वतीची पूजा त्यांना करायचीच नव्हती. हेडमास्तर हजेरीपटावर शांतपणे गैरहजेरी मांडायचे. मला ते बघवेना. शाळा सगळ्यांची, मग सण अर्ध्यांचाच का, असं मी त्यांना तावातावाने विचारलं. "मग तुम्हीच काय ते करा," ते चष्मा पुसत म्हणाले.

मी लगेच केलं. वर्गात एक मुलगी होती, धडा वाचायला उठली की सगळा वर्ग गप्प व्हायचा, इतकं स्वच्छ वाचायची. वडील कापडगिरणीत, आई घरी बिड्या वळायची. त्या घरातून शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. तिला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला म्हटलं, यंदा सरस्वतीच्या शेजारी बुद्धाचा फोटोही ठेवू. तू घरून आण, आणि त्रिशरणही तूच म्हण. ती हसली ती दारातून बाहेर जाईपर्यंत हसतच होती.

पाटीपूजनाच्या दिवशी ती पांढरा फ्रॉक घालून आली. छातीशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली तसबीर. मागोमाग वस्तीतली बाकीची मुलंही आली. माझा वर्ग त्या दिवशी पहिल्यांदा भरलेला दिसला आणि मला जग जिंकल्यासारखं झालं. मी स्टुलावर चढून तोरण बांधत होते. ती खाली उभी राहून म्हणाली, "बाई, आईनं सांगतलं, फूल वाहाजा अन मेणबत्ती लावजा. दुसरं काही नोका करजा."

"हो हो, जा, रांगेत उभी राहा," मी म्हटलं. माझं लक्ष सुतळीच्या गाठीकडे होतं.

मेणबत्ती मी आणलीच नव्हती. पूजा सुरू झाली, सरस्वतीला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हाताने, त्याच झपाट्यात, मी बुद्धाच्या तसबिरीवरही कुंकवाचं बोट टेकवलं. वर निरांजन ओवाळलं. मग मोठ्या अभिमानाने वळले आणि तिला म्हटलं, म्हण आता.

ती म्हणेना. हेडमास्तर घड्याळ बघू लागले. मी डोळे वटारले. तेव्हा ती पुढे आली, तसबीर उचलली आणि फ्रॉकच्या टोकाने काचेवरचं कुंकू पुसलं. नीट, दोनदा.

सगळी शाळा बघत होती. कोणीतरी मागून "अगं बाई" म्हणालं. कुंकू पुसणं म्हणजे काय, हे मला आईने शब्दांत कधी सांगितलं नव्हतं, पण ते माझ्या अंगात भिनलेलं होतं. माझा हात उठला. थप्पड इतकी जोरात बसली की तसबीर तिच्या हातातून पडता पडता राहिली. ती रडली नाही. तसबीर कापडात गुंडाळली आणि निघून गेली. तिच्या मागून पांढऱ्या कपड्यांतली सगळी मुलं गेली.

दसऱ्यानंतर बाकीची मुलं आली, ती आली नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने मला पाट दिला, पाणी दिलं, आणि बिडीचं सूप बाजूला सारून समोर बसली.

"आमी देव सोडले, बाई," ती म्हणाली. "घरचे सारे देव परातीत घेतले अन कन्हान नदीत सोडून आलो. माही सासू रडून राहिली होती, तरी सोडले. अन तुमी आमच्या बुद्धालेच देव करून टाकलं."

"मला वाटलं, मी मान दिला."

"मान देऊन राहिले होते तं इचारायले पायजे होतं. पोरीनं तं सांगतलं होतं तुमाले."

मी मान खाली घातली. माझं चुकलं, असं तिथेच म्हटलं, मनापासून म्हटलं. तिचे वडील दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आमच्याजवळ म्हणून काय होते? तिले चारचौघांत मारलं. चारचौघांतच सांगा, का तिची चूक नव्हती. बस. मंग उद्यापासून येते ते."

मुलगी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "बाई, भागाकार शिकवून झाला काय?"

"तू आलीस की शिकवते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सांगणारच होते. हेडमास्तरांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, एकदा पोरांपुढे माफी मागितलीत की ती तुमच्या डोक्यावर मिरे वाटतील. मला राग आला, पण बरंही वाटलं. आपल्याला जे करायचं नसतं त्याला कोणी कारण पुरवलं की किती बरं वाटतं! तो दिवस गेला. पुढच्या दिवशी तपासणी होती. त्यापुढच्या दिवशी मी हजेरी घेतली, तिच्या नावाशी थांबले, तोंड उघडलं आणि म्हटलं, पुस्तकं काढा. वर्गात माझे पाय ठरेनात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी फेऱ्या मारायची आणि प्रत्येक फेरीला ठरवायची, आता वळले की सांगते. एका वाक्याचं काम होतं. जिला कुठलीच गोष्ट थांबून करता येत नव्हती, तिने या एका गोष्टीला दहा दिवस लावले. आणि अकराव्या दिवशी त्या बेचैनीतून सुटका व्हावी म्हणून भागाकार शिकवून टाकला.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील शाळेत आले. रात्रपाळी करून थेट आले होते, केसांत कापसाचे तंतू. मुलगी व्हरांड्यात उभी होती, रिकाम्या हाताने. त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. लांबच्या एका शाळेत नाव घालणार होते. शाळेत कारकून नव्हता, दाखले आम्हीच हेडमास्तरांच्या खोलीत बसून लिहायचो. तिचं नाव, जन्मतारीख, धर्म, वर्तणूक. वर्तणुकीपुढे मी "उत्तम" लिहिलं. पुढचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. "पालकांच्या विनंतीवरून, असं लिहा. सगळ्यांचं तेच लिहितो," ते म्हणाले. मी तेच लिहिलं, त्यांची सही घेतली आणि दाखला पुढे केला.

माझा वर्ग तिथून वीस पावलांवर होता. मुलांचा पाढ्यांचा आवाज ऐकू येत होता.

त्यांनी दाखला वाचला. ते मोठेपणी वस्तीतल्या वर्गात अक्षरं शिकले होते, बोट फिरवत वाचायचे. बोट त्या रकान्यावर थांबलं.

"इनंती आमी कधी केली, बाई?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमी तं एकच गोष्ट मांगतली होती. ते तुमच्यानं झाली नाही. मंग हे काहून लिवलं?"

व्हरांड्यातून ती माझ्याकडे बघत होती. अजूनही उठून वर्गात जाता आलं असतं. मी पेनला टोपण लावलं आणि म्हटलं, "दाखल्यावर खाडाखोड चालत नाही."