साचेबुवांचं 'असावं'

साचेबुवांनी आयुष्यात कुणाला काही करायला सांगितलं नाही. 'पंखा लाव', 'दार लोट', 'पाणी आण' असली वाक्यं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत. शेवटी काय असायला हवं तेवढं ते सांगायचे आणि गप्प बसायचे. कंपनीच्या कँटीनमध्ये गणपत नवीन होता तेव्हाची गोष्ट. बुवा त्याला म्हणाले, "माझा चहा गोड असावा." गणपतने विचारलं, "म्हणजे साखर टाकू?" बुवा म्हणाले, "ते तू बघ. आधीच गोड असेल तर हात लावू नको." गणपतने चाखून पाहिला, मग उष्टा चहा कसा द्यायचा म्हणून तो स्वतःच पिऊन टाकला. दुसरा कप आला त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा.

रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघं होतो. नव्वदीची सुरुवात होती. मी पेणच्या मास्तरांची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. बुवा पेणजवळच्या जोहे गावचे. ते पहाटे एसटीने पेणला यायचे आणि तिथून आम्ही कंपनीच्या बसने रोह्याला जायचो. बुवांच्या घरी गणपतींचा कारखाना, मोठमोठे रबरी साचे माळ्यावर ठेवलेले, म्हणून हे साचेबुवा. थोरले असूनही कारखाना त्यांच्याकडे आला नाही, कारण डोळ्यांची आखणी त्यांना जमत नसे. मूर्ती कितीही सुबक असो, बुवांनी डोळे काढले की गणपती काहीतरी विसरून आल्यासारखा दिसायचा. गिऱ्हाइकं परत जायला लागली तेव्हा धाकट्या भावाने ब्रश हातात घेतला आणि बुवा कॉम्प्युटर शिकायला पनवेलला गेले.

आमच्याकडे थंड खोलीत एकच मोठं मशीन होतं आणि खात्याखात्यात हिरव्या अक्षरांचे पडदे. प्रत्येक माणसाच्या नावाने मशीनमध्ये एक छोटी फाइल असायची. पडदा उघडल्यावर पहिलं कोणतं काम दिसेल, कागद कुठल्या प्रिंटरवर निघेल, कुठली कळ दाबली की खोडलं जाईल, हे सगळं तिच्यात. बुवा तिला त्या माणसाचं घर म्हणायचे. आता घर म्हटलं की माणूस खिळे ठोकणारच. कुणीतरी शेजाऱ्याचं बघून आपल्या फाइलीत काहीतरी घुसवायचा आणि मग वजनकाट्यावरच्या भोईरांची चलनं प्रयोगशाळेत छापली जायची. मी दिवसभर एकेकाच्या खात्यात जाऊन घरं सारखी करत फिरायची.

बुवांनी हे फिरणंच बंद केलं. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव अर्थातच 'साचा'. एकाच फाइलीत सगळ्यांची नावं आणि प्रत्येक नावाखाली फक्त 'असावं'ची वाक्यं. प्रिंटर अमुक असावा, पडदा तमुक असावा. कसं करायचं याचा एक शब्द नाही. रोज सकाळी जनरल शिफ्टच्या आधी साचा ती फाइल वाचायचा आणि एकेकाचं घर बघायचा. सांगितल्यासारखं असेल तर हात न लावता पुढे. नसेल तर तसं करून पुढे.

पहिली तक्रार भोईरांची आली. ते निडी गावचे, आवाज खणखणीत. "बुवा, काल मी पडदा उलटा केलता. हिरव्यावर काळं. आज परत सुलटा कसा?"

"साच्यात सुलटा हाय."

"पन मी केलता ना!"

"केलास खरा. असावा असं म्हनलास का कुनाला?"

भोईर वैतागून म्हणाले, "असावा उलटा." बुवांनी ताबडतोब तसं लिहिलं आणि पुढे कंपनी सोडेपर्यंत भोईरांचा पडदा उलटाच राहिला.

बुवा मला सांगायचे, "साचा काढनं सोपं गो, राखनं कठीन. पावसाळ्यात रबर सैल पडतं न गनपतीचं नाक बसतं." म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते खात्याखात्यातून फिरायचे आणि लोकांना काय हवं ते विचारायचे. स्टोअरमधल्या म्हात्रेबाई म्हणाल्या, "मला काय हवं ते मलाच नाय ठाऊक." बुवा म्हणाले, "मग काय नको ते सांगा." बाई म्हणाल्या, "चूक झाली की मशीन बोंब मारतं ती नको. सासूबाई आठवतात." बुवांनी ती बोंब काढून टाकली. नोकरी सोडून गेलेल्यांसाठीही त्यांची पद्धत ठरलेली होती. मी अशा एकाच्या फाइली पुसायला निघाले तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, "त्याचं घर पाडाया जाऊ नको. साच्यातनं नाव काढ. घर आपसूक जाईल."

घरीही हेच. एका रविवारी मी जोह्याला गेले होते. अंगणात मूर्ती वाळत घातल्या होत्या आणि बुवा ओटीवर मांडी घालून बसले होते. बुवांच्या बायकोने, वहिनींनी, माझ्यापुढे पोहे ठेवले आणि सुरुवात केली. "हे हितं बसून म्हनतात, नळ गळका नसावा. दुपारी म्हनतात, ताटात बोंबील असावेत. म्हननारे हे, करनारी मी. तुमच्या त्या मशीनला इचार गो एकदा, त्याला कंटाळा येत नाय काय?" बुवा शांतपणे म्हणाले, "म्हनून तर घर चालतंय." वहिनींनी पोह्यांची दुसरी ताटली जरा जोरातच आपटली. त्या दिवशी बुवांनी मला देवघरासाठी चाललेली मूर्ती दाखवली. शाडूची, ओबडधोबड आणि चेहरा काहीतरी विसरल्यासारखा. माळ्यावर इतके साचे असताना ही अशी का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "जगाला साच्यातला. घरचा गनपती हातानंच करायचा, ही आमची रीत."

साच्याचं विसर्जनही व्हायचं. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बुवा सगळ्या माणसांची सगळी घरं पुसून टाकायचे आणि साच्यातून परत उभी करायचे. मी नको नको म्हणायची. बुवा म्हणायचे, "मूर्ती जपायची नसते गो. बुडवल्याबिगर कसं कळंल साचा खरा हाय का?" पुढे मोठमोठ्या कंपन्यांत काम केलं तेव्हा हेच शहाणपण इंग्रजीत ऐकलं, पण तिथे वाटली डाळ कुणी वाटत नव्हतं. आमच्याकडे विसर्जन म्हटल्यावर माझी आई डबाभर डाळ द्यायचीच.

मग मुंबईहून नवे साहेब आले. पहिल्याच वर्षी ते नेमके विसर्जनाच्या घटकेला पडद्यासमोर बसलेले. डोळ्यांदेखत सगळं गेलं आणि पाणी प्यायच्या आत परत आलं. तेवढ्यात साहेबांनी घरी फोन करून बायकोला सांगितलं होतं की माझी नोकरी गेली. पुढच्या वर्षी गणपती यायच्या आधीच त्यांनी बुवांना बोलावलं. "या वेळी माझ्यासमोर पुसा आणि माझ्यासमोर आणा. एकाचं जरी राहिलं तरी साचा बंद. विकतचं काहीतरी मागवू आणि तुम्ही काट्यावर, भोईरांच्या हाताखाली." बुवा बाहेर आले ते पांढरेफटक. भोईर त्यांच्याहून घाबरले. "बुवा माझ्या हाताखाली? ते मला म्हननार, ट्रक मोजलेला असावा. मोजायचा मीच ना!"

ठरलेल्या दिवशी थंड खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. म्हात्रेबाई, भोईर, गणपत, झाडून सगळे. मी डाळीचा डबा छातीशी धरून उभी. बुवा कळ दाबणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं हं. तुमचंही."

बुवांचा हात थांबला. त्या क्षणी मला जोह्याची ती ओबडधोबड मूर्ती आठवली. बुवांचं स्वतःचं घर साच्यात नव्हतं; नाव होतं, पण त्याखाली एकही 'असावं' नव्हतं. ते त्यांनी वर्षानुवर्षं हाताने रचलं होतं आणि दर विसर्जनाला गुपचूप बाजूला ठेवलं होतं. घरची रीत त्यांनी कंपनीत आणली होती. 'माझं नको' असं ते म्हणू शकले असते. पण साच्यावर अविश्वास दाखवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "व्हय," म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.

सगळ्यांची घरं गेली. सगळ्यांची परत आली. भोईरांचा पडदा उलटा, म्हात्रेबाईंचा मुका, साहेबांचा जसाच्या तसा. मग बुवा आपल्या पडद्यासमोर बसले. तो कोरा. त्यांनी काहीतरी टाइप केलं, चुकलं, खोडायला गेले तर खोडायची कळ खोडेना, उलट वेडीवाकडी चिन्हं उमटवायला लागली. ती खोडायला गेले की आणखी चिन्हं. ज्या माणसाने अख्ख्या कंपनीच्या कळा लावल्या त्याला स्वतःचं एक अक्षर पुसता येईना.

"एक राहिलं," साहेब म्हणाले.

बुवांनी कपाळाचा घाम पुसला. "माझं काय असावं ते मी कदी लिवलंच नाय. हाताला ठाऊक होतं." 

मग म्हात्रेबाई एकदम माझ्यावर खेकसल्या, "बघतेस काय गो? बस न लिही! बुवांच्या पडद्यावर घड्याळ नसावं. घड्याळ दिसलं की त्यांना भूक लागते."

मी बुवांच्या खुर्चीत बसले.

"पडदा उघडला की पैली तिथी असावी," भोईर म्हणाले, "न खाली भरतीची वेळ. त्या हिशोबानंच तर वहिनींना मासळी सांगतात."

"चारला चहाची घंटी असावी," गणपत मागून ओरडला.

मला खोडायची कळ ठाऊक होती, छपाईची लांबी ठाऊक होती. बाकीचं लोक सांगत गेले. इतकी वर्षं तक्रार घेऊन ते बुवांच्या पाठीमागे उभे राहायचे आणि वाट बघताना दुसरं बघायला काही नसायचं. बुवांचा पडदा अख्ख्या कंपनीला पाठ होता. प्रत्येक वाक्य 'असावं'ने संपत होतं आणि करायचं कसं हे कुणीच सांगत नव्हतं. बुवा भिंतीला टेकून नुसते ऐकत होते.

शेवटी साहेब घसा खाकरून म्हणाले, "अजून एक. माझ्यावर रागावले की ते कळा फार बडवतात. कळांचा आवाज नसावा." मी तेही लिहिलं आणि साचा चालवला.

बुवांचं घर उभं राहिलं. वर तिथी, खाली भरतीची वेळ, घड्याळ नाही. बुवा वाकून पुष्कळ वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "डोळे बरे आखलेत गो." आणि डोळ्यांना रुमाल लावला. साहेबांनी डबा उघडून डाळ तोंडात टाकली आणि जाता जाता म्हणाले, "एकही राहिलं नाही." साचा बंद करायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

दशक संपता संपता ते मोठं मशीन भंगारात गेलं, टेबलाटेबलावर छोटे कॉम्प्युटर आले. बुवा निवृत्त होऊन जोह्याला गेले. जाताना साचा मला दिला. "राख," असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तो राखलेला असावा." काही वर्षांनी एका पावसाळ्यात बुवा गेले. मी भेटायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता घरात कोन कायच म्हनत नाय गो. करायचं तरी काय?" मला रडू आवरलं नाही.

साचा मी अजून राखते, कंपन्या बदलल्या तरी तो बरोबर नेला. नव्या नव्या मशीनवर नव्याने लिहिला, दर चतुर्दशीनंतर विसर्जन केलं. जुन्या माणसांची नावं बुवांनी शिकवल्याप्रमाणे काढत गेले. भोईरांचं काढलं, म्हात्रेबाईंचं काढलं. एक काढायला हात होत नाही. रोज सकाळी साचा वाचत वाचत त्या नावाशी येतो. तिथी आहे, जोह्याच्या भरतीची वेळ आहे, घड्याळ नाही. सगळं असावं तसं आहे हे बघतो आणि हात न लावता पुढे जातो.