दिल्लीहून साडेचार तास

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही बसलेला नाही. कल्याणच्या शाळेत मी गणित शिकवते. पण त्या एका दुपारचं गणित पाच वर्षं झाली तरी सुटत नाही...

पारनाक्याजवळ आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. घरात आई आणि मी, दोघीच. आई चार महिने अंथरुणाला खिळलेली. शाळा, स्वयंपाक, तिचं सगळं करणं, रात्रीची जागरणं — माझा अगदी पिट्टा पडला होता. आणि तिचा जप एकच, "दत्तू आला का गं?" दत्तू माझा धाकटा भाऊ, दिल्लीला नोकरीत. खरं सांगते, राग यायचा. मरमर मरायचं मी आणि वाट बघायची त्याची!

"मुलाला बोलावून घ्या," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तार केली. उलट तार आली — उद्या विमानाने निघतो. रेल्वेने दिल्ली म्हणजे एक दिवस नि एक रात्र. पंख्यांच्या विमानाला साडेचार तास. सकाळी अकराला सुटणार, साडेतीनला सांताक्रूझ, पुढे कल्याण... म्हणजे सहाच्या आत काही तो येत नाही, हे आईला मी दोनदा समजावलं. "तोवर थांब हं," असंही म्हटलं. ती नुसती हसली.

दुपारी एकचा सुमार. तिच्या उशाशी बसल्या बसल्या मला डुलक्या येत होत्या.

"ताई, तू जरा पड. मी बसतो आईजवळ."

दत्तू समोर उभा!

"अरे, इतक्यात आलास? चहा टाकू?"

"नको गं. आधी झोप. डोळे बघ तुझे."

आईने त्याचा हात धरला होता. कसा आलास, कधी आलास... मी काही म्हणजे काही विचारलं नाही. इतकं हायसं वाटलं, की आतल्या खोलीत चटईवर आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. आई गेली होती. डोळे मिटलेले, पांघरूण नीट सारखं केलेलं. दत्तू कुठेच नाही. वाटलं, माणसं बोलवायला गेला असेल. शेजारच्या काकू धावत आल्या. म्हणाल्या, "दुपारी आत जाताना पाहिला की मी त्याला. हातात सामान नव्हतं म्हणून नवल वाटलं."

साडेसहाला दत्तू आला. हातात बॅग. दारातली माणसं बघून ती तिथेच टाकून आत धावला. विमानाचं तिकीट मी स्वतः पाहिलं. एक वाजता तो राजस्थानवर कुठेतरी आभाळात होता.

नंतर त्याला सगळं सांगून विचारलं, "विमानात झोप लागली होती का रे? स्वप्न वगैरे?"

"छे गं. सबंध वेळ ओकत होतो."

लोक म्हणतात, तुला ग्लानी आली असेल, काकूंना भास झाला असेल. असेल बाई! पण ते मानलं की दुसरंही मानावं लागतं — की मी शेजारच्या खोलीत घोरत पडले आणि माझी आई एकटीच गेली. ते मला सोसत नाही. खरं काय झालं, देव जाणे. मला अजून कळलेलं नाही.

दत्तू दर सुट्टीत येतो. हा विषय तो कधी काढत नसे. यंदा जेवताना एकदम थांबला आणि म्हणाला, "ताई... मी आलो तेव्हा आईने मला ओळखलं का गं?"

"ओळखलं रे," मी म्हटलं. "लगेच ओळखलं."